पासवर्ड बरोबर होता

फेब्रुवारीतल्या एका रविवारी रात्री साडेनऊच्या सुमारास भाचा लॅपटॉपची बॅग घेऊन आमच्या नाशिकच्या, इंदिरानगरमधल्या घरी आला. जेवलास का विचारलं, तर नुसती मान हलवली आणि डायनिंग टेबलावर पसारा मांडला. निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष पॅकहाउसचं सॉफ्टवेअर तो सांभाळतो. शनिवारी तिथला जुना सर्व्हर काढून नवा बसवला, सगळी माहिती नव्यावर आणली. रविवारी माल आल्यावर पेट्यांची लेबलं छापायला घेतली, तर लेबलच्या पीसीवर इंग्रजीत एकच ओळ पुन्हा पुन्हा येऊ लागली: 'पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड फॉर युजर पोस्टग्रेस.'

पोस्टग्रेस हे त्या डेटाबेसचं नाव, आणि त्यातल्या सर्वाधिकारी खात्याचंही. काहीही वाचावं, बदलावं, पुसावं, कुणालाही आत घ्यावं किंवा बाहेर काढावं, एवढी मुभा त्याला असते. मी अंबडच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं डेटाबेस ॲडमिन होते, चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. त्या रात्री आम्हा दोघांत जे बोलणं झालं ते इथे देते आहे. हा वाद प्रत्येक लहान ऑफिसात कधी ना कधी होतो, आणि बहुतेक वेळा घाईची बाजू जिंकते.

तो – मावशी, पॅकहाउसमध्ये तीस बायका बसून आहेत. पेट्या भरून तयार आहेत, पण लेबल नाही म्हणून पॅलेट बांधता येत नाही. कंटेनर पहाटे न्हावा शेवा बंदराला निघायचाय. मला आता तपास करत बसायला वेळ नाही. कुणाला कसं आत घ्यायचं हे ज्या पीजी-एचबीए फाइलीत लिहिलेलं असतं, तिथे मी 'ट्रस्ट' लिहितो. म्हणजे सर्व्हर पासवर्ड विचारणारच नाही. उद्या सकाळी परत होतं तसं करतो.

मी – सकाळी करशील?

तो – करीन की.

मी – मीही असंच म्हणाले होते. कारखान्यात एकदा महिनाअखेरीला पगाराचं काम अडलं, म्हणून पाच मिनिटांसाठी तपासणी बंद केली. पगार झाले, सगळे खूश झाले, मी घरी गेले. ती ओळ सात महिन्यांनी ऑडिटला आलेल्या माणसाला दिसली. सात महिने आमच्या नेटवर्कवरचा कुणीही, स्टोअरमधला माणूस, बाहेरून आलेला सर्व्हिस इंजिनिअर, नुसतं खात्याचं नाव टाकून सगळ्यांचे पगार बघू शकत होता, बदलू शकत होता. कुणी बदलले नसावेत असं मला वाटतं. पण खात्रीनं नाही सांगता येत, कारण त्या खात्यानं आत जाणारा प्रत्येक जण लॉगमध्ये एकाच नावानं दिसतो.

तो – तिथे पगार होते. इथे पेट्यांचे नंबर आहेत.

मी – अरे, त्या नंबरांवरच सगळं उभं आहे. शेतमालाच्या निर्यातीचं बघणाऱ्या अपेडानं २००६ मध्ये ग्रेपनेट सुरू केलं ते कशासाठी? युरोपातल्या दुकानातल्या पेटीपासून मागे मागे येत ती कुठल्या शेतकऱ्याच्या कुठल्या प्लॉटमधली हे कळावं, म्हणून. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रक रसायनाचे अंश सापडले आणि आपली द्राक्षं युरोपात अडकली. तू तेव्हा शाळेत होतास. ज्यांच्या बागा होत्या त्या घरांतून त्या वर्षी काय झालं, ते मी पाहिलंय. आता एखाद्याच्या मालात अंश सापडला आणि कुणीतरी आत जाऊन पेटीचा प्लॉट नंबर बदलून दुसऱ्याच्या नावावर ढकलला, तर? तुझ्या ट्रस्टच्या एका रात्रीत ते कुणीही करू शकतं, आणि कुणी केलं ते सांगता येणार नाही.

तो – हे सगळं मला पटतं. पण पटल्यानं द्राक्ष टिकत नाही. तू निवृत्त आहेस मावशी, तुला फोन येत नाहीत. मला दर दहा मिनिटांनी येतोय. त्या बायकांना गावी सोडणारी गाडी थांबून आहे. काम अडवणारी सुरक्षा लोक शेवटी काढूनच टाकतात. तूच काढली होतीस ना त्या वेळी?

हे मला लागलं. खरं होतं म्हणून लागलं. माणसं पासवर्डचे नियम मोडतात ती बेफिकिरीनं कमी आणि कामाच्या रेट्यानं जास्त, हे मी सव्वीस वर्षं बघत होते. त्यामुळे नियम सांगणाऱ्यानं वेळेचं भानही सांभाळायला हवं. मी त्याच्याकडे दहा मिनिटं मागितली. दहा मिनिटांत कारण सापडलं नाही, तर ट्रस्ट लिही, मी अडवणार नाही, असं सांगितलं.

मी – मला आधी सांग, पासवर्ड चुकलाय हे कशावरून?

तो – पडद्यावर आहे की.

मी – पडद्यावर एवढंच आहे की खातरजमा झाली नाही. का झाली नाही, ते नाही.

तो – एकच ना ते! पासवर्ड मला पाठ आहे, गेली चार वर्षं तोच आहे. तरी तीनदा टाकून पाहिला. शनिवारी काहीतरी बिघडला असणार. नवा देऊन टाकतो.

मी – थांब. पंचवटीत आपल्या तीर्थोपाध्यायांकडे आजोबांना घेऊन गेलो होतो, आठवतं? आडनाव विचारलं, मूळ गाव विचारलं, पणज्याचं नाव विचारलं, मग वही काढली. समज, एखादा तिऱ्हाईत आपलं आडनाव सांगून आपली वही बघायला मागतोय आणि गाव चुकीचं सांगतोय. 'आडनाव बरोबर आहे, गाव तेवढं चुकलं' असं गुरुजी सांगतील का? सांगितलं तर तो पुढच्या वेळी गाव शोधून येईल. ते म्हणतील, सापडत नाही. डेटाबेसही तेच करतो. त्या नावाचं खातंच नसलं, पासवर्ड चुकला, पासवर्डची मुदत संपली, खात्याला पासवर्ड कधी दिलाच नव्हता, सगळ्यांना बाहेर एकच उत्तर. पासवर्ड तपासायच्या नव्या स्क्रॅम पद्धतीत तर नसलेल्या खात्यासाठीही सर्व्हर सगळा विधी पार पाडतो, म्हणजे दार ठोठावणाऱ्याला खातं आहे की नाही याचाही अंदाज येऊ नये. खरं कारण तो आत लिहून ठेवतो, मालकासाठी. लॉग बघितलास?

तो – नाही. पण ते बघायची गरजच काय? मी इथून सर्व्हरवर लॉगिन करून आत जातोय. तिथे पोस्टग्रेस खातं लगेच उघडतं. म्हणजे पासवर्ड ठीक आहे, पॅकहाउसच्या नेटवर्कचं काहीतरी आहे.

मी – आत जाताना त्यानं तुला पासवर्ड विचारला?

तो बोलायचा थांबला. मग हळूच म्हणाला, "नाही विचारला."

या एका प्रश्नाशी मी आयुष्यात किती वेळा येऊन पोचले असेन! सर्व्हरच्या मशीनवर बसून आत जाण्याचा रस्ता वेगळा असतो. तिथे पोस्टग्रेसमध्ये सहसा 'पिअर' पद्धत लावलेली असते. मशीनच्या लिनक्समध्ये तू कोण आहेस ते डेटाबेस लिनक्सलाच विचारतो, आणि लिनक्सनं हो म्हटलं की आत घेतो. पासवर्डचा संबंधच येत नाही. ओरॅकल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये हेच आणखी फसवं. सर्व्हरवर बसून सिसडीबीए, म्हणजे सर्वाधिकारी, म्हणून आत जाताना नाव-पासवर्डच्या जागी काहीही टाइप करा, तुमचं मशीनवरचं खातं डेटाबेस ॲडमिनच्या गटात असेल तर दार उघडतं. आमच्याकडे एकानं दोन दिवस याच समजुतीवर घालवले होते. सर्व्हरवर चुकीचा पासवर्ड चालत होता, बाहेरून बरोबर पासवर्ड चालत नव्हता, आणि त्याचा विश्वास सर्व्हरवरच्या चालण्यावर होता.

तो – म्हणजे सर्व्हरवरून आत जातोय, यावरून काहीच सिद्ध होत नाही?

मी – तू लिनक्सला मान्य आहेस, एवढं होतं. लेबलचा पीसी नेटवर्कवरून येतो. त्याच्यासाठी त्या फाइलीत वेगळी ओळ आहे. वरून खाली वाचत जाताना जी ओळ पहिल्यांदा जुळते तीच लागू होते. तिथे नकार मिळाला, तर सर्व्हर खालची ओळ वापरून बघत नाही. आता लॉग उघड.

लॉगमध्ये संध्याकाळपासूनचे सगळे नकार ओळीनं होते. प्रत्येकाखाली तपशिलाची आणखी एक ओळ होती: 'युजर पोस्टग्रेस डझ नॉट हॅव अ व्हॅलिड स्क्रॅम सीक्रेट.' आणि पुढे, फाइलीतल्या कुठल्या क्रमांकाच्या ओळीनं हा निर्णय झाला तेही दिलं होतं. दहापैकी चार मिनिटं झाली होती.

तो – स्क्रॅम सीक्रेट म्हणजे?

मी – जुना सर्व्हर कुठल्या आवृत्तीचा होता?

तो – नऊ पॉइंट सहा. नवा सोळा.

मी – मग मिळालं कारण. डेटाबेस पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाही, त्याचा अर्क काढून ठेवतो. जुन्यात एमडी५ पद्धतीचा अर्क असायचा, पासवर्डला खात्याचं नाव जोडून काढलेला. २०१७ मध्ये दहावी आवृत्ती आली तिच्यात स्क्रॅम आलं, आणि २०२१ च्या चौदाव्यापासून नवा पासवर्ड आपोआप स्क्रॅमनंच साठवला जातो. तू सगळी माहिती हलवलीस, तेव्हा खातीही आणलीस ना?

तो – पीजी-डम्पऑलनं. सगळी खाती, पासवर्डसकट.

मी – पासवर्ड नाही आणलास, अर्क आणलास. जुना एमडी५ अर्क जसाच्या तसा नव्या घरात आला. आणि फाइलीत त्या नेटवर्कसाठी तू काय लिहिलंस?

तो – स्क्रॅम-शा-२५६. नव्यात तेच लिहिलेलं होतं, मी तसंच खाली जोडलं.

मी – म्हणजे दारावरच्या माणसाला तू सांगितलंस की फक्त स्क्रॅमनं तपास. त्यानं कपाट उघडलं, तर आत स्क्रॅमचा कागदच नाही. एमडी५ अर्कावरून तो स्क्रॅमचा अर्क बनवू शकत नाही, कारण अर्कातून मूळ पासवर्ड परत काढता येत नाही. म्हणून नकार. तुझा पासवर्ड बरोबर होता, खातं बरोबर होतं, पीसी बरोबर होता.

तो लॅपटॉपकडे बघत राहिला. मला वाटतं, त्याला हायसं वाटलं आणि रागही आला. संध्याकाळपासून तो स्वतःच्या स्मरणशक्तीवर संशय घेत होता. ती ठीक होती.

तो – उलट असतं तर? कपाटात स्क्रॅम आणि फाइलीत एमडी५?

मी – चाललं असतं. फाइलीत एमडी५ लिहिलेलं असलं आणि अर्क स्क्रॅमचा असला, तर सर्व्हर आपण होऊन स्क्रॅम वापरतो. बदलाच्या काळात लोकांची अडचण होऊ नये म्हणून तशी सोय ठेवलीय.

तो – मग आता त्या ओळीत एमडी५ लिहिलं की काम झालं! ट्रस्टही नको.

मी – होईल. पण एमडी५चा अर्क कुणाच्या हाती लागला, तर पासवर्ड न कळताही तो त्या अर्कावरच आत येऊ शकतो. उद्या बॅकअपची एक फाइल पेन ड्राइव्हवर गेली, तर तीच किल्ली. स्क्रॅममध्ये साठवलेल्या अर्कानं आत जाता येत नाही. २०२५ च्या अठराव्या आवृत्तीत तर एमडी५ पासवर्ड काढून टाकणार असं सांगूनच टाकलंय. सर्वाधिकारी खात्याला मी ती पद्धत ठेवणार नाही.

तो – सर्व्हरवरून मी आत आहेच. पासवर्ड पुन्हा दिला की स्क्रॅमचा अर्क तयार होईल. देऊ?

मी – दे.

इथे माझं चुकलं. 'दे' म्हणायच्या आधी लेबलच्या पीसीकडून कोण बोलतंय ते मी विचारायला हवं होतं. त्यानं पासवर्ड दिला, लॅपटॉपवरून नेटवर्कच्या रस्त्यानं आत जाऊन बघितलं, दार उघडलं. पॅकहाउसला फोन केला. तिकडून लेबलवाल्या मुलानं नवी ओळ वाचून दाखवली: 'ऑथेंटिकेशन मेथड १० नॉट सपोर्टेड.'

तो – आता हे काय!

मी – हे वेगळं आहे, आणि खरं सांगायचं तर चांगलं आहे. मघाशी सर्व्हर नाही म्हणत होता. आता सर्व्हर विचारतोय आणि पीसीवरच्या ड्रायव्हरला तो प्रश्नच कळत नाहीये. दहा म्हणजे स्क्रॅम. डेटाबेसशी बोलणारा ओडीबीसी ड्रायव्हर जुना आहे, स्क्रॅम येण्याच्या आधीचा. नवा घालावा लागेल.

तो – त्या पीसीला इंटरनेट नाही, आणि मुलगा ड्रायव्हर घालू शकत नाही. मी गाडी काढून गेलो तरी तास जाईल. मावशी, तुझी दहा मिनिटं कधीच संपली. मी ट्रस्ट लिहितो.

मी – तो पीसी सर्वाधिकारी खात्यानं का जातो आत?

तो – म्हणजे?

मी – लेबल छापायला काय लागतं? प्लॉटची यादी वाचायची, पेटीचा नंबर लिहायचा. त्यासाठी त्या पीसीला डेटाबेसची सगळी टेबलं पुसण्याचा अधिकार कशाला? २०१३ च्या नऊ पॉइंट तीन आवृत्तीपासून सर्वाधिकारी खातं डेटाबेसमधून सर्व्हरवरचे प्रोग्रामसुद्धा चालवू शकतं. आणि त्या खात्याचा पासवर्ड पीसीवर कुठे आहे?

तो – (बराच वेळ गप्प राहून) सेटिंगच्या आयएनआय फाइलीत. साध्या अक्षरात. सॉफ्टवेअर माझ्या आधीच्या माणसानं लिहिलंय, त्यानं तसंच ठेवलं होतं, मी बदललं नाही.

मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते इथे. संध्याकाळपासून आम्ही ज्या कुलपासाठी झगडत होतो, त्याची किल्ली लेबलच्या टेबलावर उघडी पडलेली होती. तिथे रोज वीस माणसं ये-जा करतात. बिघाड झालाच नसता, तर हे कुणाला दिसलंही नसतं. पासवर्ड नाकारला गेला की आपण तो नकार दूर करायला धावतो. पण सर्वाधिकारी खात्याला नकार मिळाल्यामुळे पॅकहाउसचं काम थांबतं, याचा अर्थ रोजचं काम सर्वाधिकारी खात्यावर चाललंय, आणि दोषाचं मूळ तिथे आहे.

मी – दार उघडूया, पण त्या एका पीसीपुरतं. लेबलसाठी नवं खातं कर. त्याला प्लॉटचं टेबल वाचायची आणि पेट्यांच्या टेबलात भर घालायची परवानगी, बाकी काही नाही. त्या खात्याचा पासवर्ड आज एमडी५ मध्ये साठव, ती सोय अजून आहे. मग फाइलीत सर्वसाधारण ओळीच्या वर एक ओळ घाल: हे खातं, हा डेटाबेस, फक्त या पीसीचा पत्ता, एमडी५. बाकी सगळ्यांना स्क्रॅम राहू दे. आणि त्या ओळीच्या वर शेरा लिही, आजची तारीख, तुझं नाव, कशासाठी, कधी काढणार.

तो – यालाही वेळ लागेल.

मी – ट्रस्टपेक्षा पंधरा मिनिटं जास्त. मालकांना फोन करून सांग, साडेअकरापर्यंत. वेळ सांगितली की माणसं थांबतात. न सांगता थांबवलं की चिडतात.

त्यानं केलं. पहिल्यांदा परवानगी एका ठिकाणी कमी पडली, पेटीचा पुढचा नंबर देणाऱ्या सीक्वेन्सवर ती द्यायची राहिली होती. पण या वेळी त्यानं स्वतःहून आधी लॉग उघडला. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी पहिलं लेबल निघालं. तिकडच्या मुलानं फोनवर प्लॉट नंबर मोठ्यानं वाचून दाखवला. मग मी चहा टाकला.

खरा मतभेद या चहावर झाला, आणि तो अजून पुरता मिटलेला नाही.

तो – तू कारखान्यात हा मोठा पासवर्ड कुठे ठेवायचीस?

मी – माझ्या डोक्यात, आणि एका बंद पाकिटात. पाकिटावर दोघांच्या सह्या, तिजोरीत. उघडलं तर वहीत नोंद, आणि लगेच नवा पासवर्ड.

तो – आणि तुझं ऑपरेशन झालं तेव्हा?

तो तेव्हा कॉलेजला होता, तरी त्याला ते माहीत होतं. मी दवाखान्यात असताना पाकीट उघडलं गेलं आणि आतला पासवर्ड जुना निघाला. मी तो बदलला होता आणि पाकीट बदलायचं राहिलं होतं. पाठोपाठ चुकीचे प्रयत्न झाले. ओरॅकलच्या अकराव्या आवृत्तीपासून मुळातच असं ठरवून ठेवलेलं असतं की दहा चुका झाल्या की खातं बंद, आणि १८० दिवसांनी पासवर्डची मुदत संपते. आमचं रोजच्या कामाचं मुख्य खातं त्या दहा चुकांनी बंद झालं. कारखान्याचं डिस्पॅच दीड दिवस अडलं.

तो – म्हणूनच म्हणतो, सर्वाधिकारी खात्याला पासवर्ड ठेवूच नये. नेटवर्कवरून ते खातं येऊच द्यायचं नाही. सर्व्हरवर बसूनच आत जायचं, आणि सर्व्हरवर प्रत्येकानं आपापल्या नावानं, आपापल्या किल्लीनं यायचं. मग पाठ करायला काही नाही, पाकिटात ठेवायला काही नाही, आणि लॉगमध्ये दिसतं कोण आलं होतं.

मी – आणि तुझा लॅपटॉप हरवला तर? तुझ्याखेरीज किल्ली कुणाकडे आहे?

तो – कुणाकडेच नाही.

मी – किती पॅकहाउस आहेत तुझ्याकडे?

तो – अकरा.

मी – आणि सगळीकडे पासवर्ड?

तो – तोच.

मी काही बोलले नाही. त्याची पद्धत माझ्या पाकिटापेक्षा चांगली आहे, हे मी कबूल केलं, आजही करते. पण त्याच्या पद्धतीतही सगळं एका माणसावर उभं आहे, जसं माझ्या वेळी माझ्यावर होतं. मालकाच्या विश्वासातला दुसरा माणूस, त्याची वेगळी किल्ली, आणि सहा महिन्यांतून एकदा ती किल्ली खरंच चालते का ते बघणं, यासाठी मी हट्ट धरला. तो म्हणतो, मालक यासाठी पैसे देत नाहीत. हे खरं आहे, आणि मालकांनी ते ऐकावं.

तो – पण आतल्या नेटवर्कवर एवढी भीती कशाला? पॅकहाउस काही बँक नाही.

मी – बँकेत काय झालं ते बघ. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून दोन दिवसांत ९४ कोटी गेले. एटीएमच्या प्रत्येक मागणीला हो किंवा नाही म्हणणारा जो टप्पा असतो, त्याच्या जागी हल्लेखोरांनी आपला खोटा टप्पा उभा केला. तो बँकेच्या मुख्य प्रणालीला न विचारता सगळ्यांना हो म्हणत गेला, आणि २८ देशांतल्या मशीनमधून पैसे निघाले. तुझं ट्रस्ट आणि तो हल्ला एक नाही, हे मला कळतं. पण विचारल्याशिवाय हो म्हणणारी जागा आपल्या हातानं बनवायची नाही, एवढं मी त्यातून घेतलं. आणि लॉग सांभाळ. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेनं २०२२ च्या एप्रिलमध्ये सांगितलंय, १८० दिवसांचे लॉग ठेवा. तुझ्या नव्या सर्व्हरवर किती दिवसांचे राहतात?

त्यानं बघितलं. लॉग आठवड्याला फिरत होते आणि दहा आठवड्यांनी पुसले जात होते. ते त्यानं तिथेच बदललं.

कंटेनर पहाटे साडेचारला निघाला. पुढच्या रविवारी भाचा पॅकहाउसला गेला, लेबलच्या पीसीवर नवा ड्रायव्हर घातला, लेबलच्या खात्याचा पासवर्ड स्क्रॅममध्ये पुन्हा दिला, आणि शेरा लिहिलेली ती एमडी५ची ओळ काढली. काढल्याचा फोटो मला पाठवला. बाकीच्या दहा पॅकहाउसचे पासवर्ड वेगवेगळे करायला त्याला मार्च संपेपर्यंत लागले. त्यांतल्या दोन ठिकाणी त्याच्या आधीच्या कुणीतरी लिहिलेली ट्रस्टची ओळ सापडली. एक तीन वर्षांपूर्वीची होती. दुसरीला तारीखच नव्हती.

तुमच्या पॅकहाउसमध्ये, पतसंस्थेत, शाळेत, दवाखान्यात असा एखादा सर्व्हर कोपऱ्यात चालू असेल, तर तो सांभाळणाऱ्याला उद्या एवढं विचारा: त्या फाइलीत ट्रस्ट हा शब्द आहे का, असेल तर तो कुणी आणि कधी लिहिला, आणि रोजचं काम कुठल्या खात्यानं चालतं.